अमुलेनच्या वाट्याचं पाकीट

हॉस्पिटल क्वार्टर्स,
गुरुवार, १४ ऑक्टोबर

प्रिय अगाथाताई,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. तुम्हीही सगळे निदान तब्येतीने बरे असाल असं धरून चालते. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मग वाटलं, बरंच झालं. फोनवर तू रडायला लागलीस की मला काही सुचत नाही. हे पत्र टॅक्सीवाल्या ओपेदूकडे देतेय, तो शुक्रवारी तुमच्या बाजाराला येतो. सोबत साखर आणि साबणाच्या दोन वड्या आहेत.

इकडे पाऊस लांबलाय. अंगणात शेंगा वाळत घातल्यात, त्यांना बुरशी धरायला लागलीय. वॉर्डात एकेका खाटेवर तीन-तीन मुलं आणि आया खाली चटईवर. तुमच्या शेजारच्या खाटेवरची अगुती आठवते का, ती चौकशी करत होती तुझी. तिचा मुलगा घरी गेला. असो.

मातीच्या दिवशी तू मला विचारलंस, "जसिंता, माझ्या पोरीला नेमकं झालं काय?" तेव्हा भोवती माणसं होती, मी नुसता तुझा हात धरला. आता लिहिते. अमुलेनच्या रक्तात मलेरिया फार चढला होता. रक्त नीट फिरत नव्हतं, म्हणून हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत गार पडले होते. आम्ही क्विनीन दिलं, सलाईन दिलं, ऑक्सिजन लावला, रक्ताची बाटली मागवली. करण्यासारखं जे होतं ते सगळं केलं. आजार इतका अंगात मुरला की मूल हाती लागणं कठीण असतं, ताई. एक-दोन दिवस आधी आणलं असतंस तर कदाचित वेगळं झालं असतं. पण आता ते मनात आणू नकोस. देवाने नेलं.

जेवत जा. दाजींनाही जपायला सांग, ते आतल्या आत कुढणारे आहेत. मी नाताळात येईन.

तुझी धाकटी,
जसिंता


हॉस्पिटल क्वार्टर्स,
शनिवार, २२ जानेवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नाताळात आले नाही. ड्यूटी होती असं सांगणार होते, पण ड्यूटी मागून घेतली होती.

काल आपला भाऊ एटियांग इथे आला होता, वहिनीला दाखवायला. त्याच्याकडून कळलं की तू डिसेंबरपासून आईकडे आहेस. कुणी मला कळवलं नाही. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "तुझंच पत्र झालं." दाजींनी ते आंब्याखाली म्हाताऱ्या माणसांपुढे मोठ्याने वाचलं म्हणे. "बघा, हिची सख्खी बहीण नर्स आहे आणि तीच लिहितेय की उशिरा आणलं." आणि सासूबाई म्हणाल्या, "घरात आजारी पोर टाकून ही बाजारात शेंगा विकत बसली." त्यानंतर तुला तिथे कुणी नीट भाकर दिली नाही, असं एटियांग म्हणत होता.

ताई, ते वाक्य मी तशा अर्थाने लिहिलं नव्हतं. घाईघाईत लिहिलं गेलं. माणूस समजूत घालताना काहीतरी बोलतो तसं. दाजींना हे माझ्या नावाने सांग. किंवा नको, मीच लिहीन त्यांना.

इथे एक मोठी गोष्ट झालीय. त्या दिवशी मी तुझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती ना, संशोधनाची? तुला तेव्हा काही कळलं नसेल, कुणालाच कळत नाही, मूल मांडीवर निपचित पडलेलं असताना कोण काय ऐकणार. तर ते असं होतं, की गार पडलेल्या मुलांना सलाईन भराभर द्यायचं की सावकाश, हे आजवर कुणी पडताळून बघितलंच नव्हतं. पुस्तकात भराभर द्या असं लिहिलेलं. पण पुस्तकं दूरच्या देशांतली, जिथे प्रत्येक खाटेपाशी यंत्र असतं. आपल्याकडे तर वर्षानुवर्षं सलाईनच नसायचं. म्हणून काही मुलांना भराभर द्यायचं, काहींना सावकाश, आणि कुणाची बाजू खरी ठरते ते बघायचं. बाकी क्विनीन, रक्त, सगळं दोघांनाही सारखंच.

मंगळवारी डॉक्टर एमुरोननी आम्हा सगळ्यांना औषधांच्या खोलीत बोलावलं. बाहेरची एक समिती अधूनमधून आकडे तपासत असते, तिने काम ताबडतोब थांबवायला सांगितलंय. भराभर सलाईन दिलेली मुलं जास्त दगावली. सगळ्या हॉस्पिटलांत मिळून, स्पष्ट दिसण्याइतकी जास्त.

सिस्टर अमोंगिन म्हणाली, "म्हणजे पोरं आम्ही मारली का, डॉक्टर?"

"आपल्याला माहीत नव्हतं, सिस्टर. कुणालाच नव्हतं, म्हणून तर तपासत होतो. आता माहीत झालं. आजपासून एकाही मुलाला भराभर द्यायचं नाही."

"आणि जी गेली ती?"

डॉक्टर कागदाकडेच बघत राहिले. "जी गेली ती गेली," म्हणाले.

तू आता विचारशील, अमुलेनला कोणतं दिलं होतं. मला नेमकं आठवत नाही. त्या दिवशी अकरा मुलं दाखल झाली होती. वह्या सगळ्या कपाटात कुलूपबंद आहेत.

हात दुखतोय, इथेच थांबते. आईला विचारल्याचं सांग. तू मला एक ओळ तरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

जसिंता


हॉस्पिटल क्वार्टर्स,
सोमवार, १४ फेब्रुवारी

ताई,

आज नमस्कार-चमत्कार करत नाही. शनिवारी मी अचानक आईकडे येऊन उभी राहिले, दोन तास बसले आणि निघून गेले, ते कशासाठी हे तुला कळलं नसेल. मी तुला एक गोष्ट सांगायला आले होते. ती सांगितली नाही. आता लिहिते. मध्येच कुणी हाक मारू नये म्हणून दार लावून घेतलंय.

तू नाचणी पाखडत होतीस. मला वाटलं होतं, मला बघून आत निघून जाशील. तू सूप खाली ठेवलंस, हात पुसलेस आणि विचारलंस, "जेवलीस का?" मला नाचणीचा उंडा वाढलास, शेंगदाण्यातली सुकी मासळी वाढलीस. तुझ्या मनगटाची हाडं वर आलीत. आई एकटीच बोलत होती, बकऱ्यांचं, चर्चच्या पत्र्याचं. मी घास गिळत होते आणि मनात वाक्य जुळवत होते.

मग तू मला रस्त्यापर्यंत सोडायला आलीस. म्हणालीस, "मी तुझ्यावर रागावले होते. आता नाही. तू लिहिलंस ते खरंच होतं. मी उशीर केला."

मी म्हटलं, "ताई, तसं नाही."

"तसंच आहे. सोमवारी तिने अर्धी भाकर टाकली होती. तेव्हाच अंगात ताप असणार. आईला नाही कळणार तर कुणाला? मी रोज तो सोमवार आठवते, जसिंता. तिच्या कपाळाला हात लावला होता का, तेच आठवत नाही."

तेवढ्यात भाड्याची बोडा आली. तू म्हणालीस, "जा, तुला अंधार होईल." आणि मी मोटारसायकलवर त्या माणसामागे बसून निघून गेले. पुलापर्यंत गेल्यावर त्याला थांबवलं, पण परत फिरले नाही. इतकी भेकड आहे मी.

आता नीट वाच.

अमुलेनला ताप आला मंगळवारी पहाटे. हे तूच मला दाखल करताना सांगितलंस आणि मीच ते कागदावर लिहिलं. दुकानातून गोळी आणून दिलीस, ती ओकली, बुधवारी सकाळी आठला तू वॉर्डाच्या दारात होतीस. सोमवारची भाकर तिने टाकली कारण ती तीन वर्षांची होती आणि तिला भाकर आवडत नव्हती. मी बारा वर्षं या वॉर्डात आहे. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं चौथ्या-पाचव्या दिवशी येतात, आधी बाबाकडे, मग प्रार्थनेला, मग आमच्याकडे. तू दुसऱ्या दिवशी आलीस. याहून लवकर कुणी येत नाही.

तरी मी लिहिलं, एक-दोन दिवस आधी आणलं असतंस तर. ते घाईघाईत लिहिलं गेलं नव्हतं. चार कागद फाडले होते मी त्या वाक्यासाठी. तू "काय झालं" विचारलं होतंस, आणि मला तुझं बोट माझ्याकडून दुसरीकडे वळवायचं होतं. ते तुझ्याकडेच वळवलं, कारण तू विश्वास ठेवशील हे माहीत होतं.

आणि अमुलेनला कोणतं सलाईन दिलं ते आठवत नाही, असं जानेवारीत लिहिलं, तेही खोटं. मला मिनिट न् मिनिट आठवतं.

कुणाला भराभर आणि कुणाला सावकाश, हे आम्ही ठरवायचं नसायचं. त्यासाठी बंद पाकिटं असायची, क्रमांक घातलेली. मूल आलं की वरचं पाकीट उचलायचं, फोडायचं, आत लिहिलेलं असेल तेच द्यायचं. आपलं-परकं, गरीब-श्रीमंत काही बघायचं नाही. शपथेवर लिहून दिलं होतं मी.

डॉक्टर पलीकडे झटके येणाऱ्या मुलाला बघत होते. तू अमुलेनला घट्ट धरून उभी होतीस आणि म्हणालीस, "आता तू आहेस. मला काही विचारू नकोस, तुला योग्य वाटेल ते कर." मी तुझ्याकडे पाठ केली आणि पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं, सावकाश.

ताई, मी त्या वॉर्डात सलाईनवाचून मरणारी मुलं बघितली होती. बाटली संपलीय म्हणून हात चोळत बसलेल्या नर्सेसपैकी मी एक होते. 'सावकाश' म्हणजे हात आखडून दिलेलं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बाटल्यांनी कपाट भरलेलं असताना माझ्या भाचीला थेंबथेंब द्यायचं, हे मला सहन झालं नाही. मी खालचं पाकीट उचललं. तेही 'सावकाश' निघालं असतं तर तिसरं फोडलं असतं, हेही सांगून टाकते. ते 'भराभर' निघालं. मी त्यावर अमुलेनचं नाव घातलं.

आणि पहिल्यावर अगुतीच्या मुलाचं. ती तेव्हा दारातून आत येतच होती, पोराला पाठीवर बांधून. तो अमुलेनपेक्षा एखाद-दोन महिन्यांनी लहान असेल, तितकाच गार, तितकाच फिकट. मला वाटत होतं की त्याच्या वाट्याचं चांगलं ते काढून मी आपल्या पोरीला देतेय. त्याला वाईट देतेय. हे मला माहीत होतं आणि तरी केलं. मायेपोटी केलं असं म्हटलं तर तू कदाचित मला जवळ घेशील. पण माया एकीवर होती आणि सुरी दुसऱ्यावर. तेवढं विसरू नकोस.

पुढचं तू बघितलंस. तासाभरात तिचे हात ऊबदार झाले. तिने पाणी मागितलं. तू आईला फोन केलास, "जसिंतामुळे पोर वाचली." मी ऐकलं आणि मला गर्व वाटला. एक वाजता तिचा श्वास बदलला. दोनला नाडी पुन्हा लागेना. मी सलाईन वाढवलं. रक्त आलं तोवर तीन वाजून गेले होते, आणि पावणेचारला ती गेली. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू सगळं केलंस." हो, केलं.

अगुतीचा मुलगा पाचव्या दिवशी खाटेवरून उतरून चालायला लागला. नोव्हेंबरात तपासणीला आला तेव्हा अगुतीने माझ्यासाठी कोंबडी आणली होती. म्हणाली, "सिस्टर, तुमच्या हाताला यश आहे." मी ती कोंबडी सिस्टर अमोंगिनला देऊन टाकली.

गेल्या सोमवारी मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "हे मला वर कळवावं लागेल. कंपालाहून चौकशी येईल."

"कळवा."

"जसिंता, एक ऐक. पुष्कळ मुलं भराभर देऊनही वाचली आणि पुष्कळ सावकाश देऊनही गेली. अमुलेन तशीही गेली असती, कदाचित. कदाचित वाचली असती. आकड्यांतून एकेक मूल वेगळं काढून दाखवता येत नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, मला तर एकच दिसतं."

त्यावर ते म्हणाले, "मलाही माझी दिसतात. मी पाकीट न बदलता सलाईन दिलं." आणि रुमाल काढून डोळे पुसले. हे तुला एवढ्यासाठी सांगते, की उद्या कुणी म्हणालं, डॉक्टरांनी पोरांवर प्रयोग केले, तर तू त्यात सामील होऊ नकोस. त्यांनी न बघता दिलं, म्हणून तर खरं कळलं. आता आमच्या वॉर्डात भराभर देत नाहीत, आणि मुलं वाचतायत. त्यांच्या आयांना हे कधी कळणारही नाही. बघूनसवरून फक्त मी दिलं.

काल रविवारी मी तुझ्या सासरी गेले. तुझ्या आधी त्यांना सांगितलं, हे चुकलंच. पण शनिवारी तुझ्यापुढे तोंड उघडलं नाही, तेव्हा वाटलं, जिथे शिव्या मिळतील तिथे तरी उघडेल.

चर्च सुटल्यावर गेले. दाजी, सासूबाई आणि ते दोघे म्हातारे काका होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "म्हणजे सुनेने उशीर केला नव्हता?"

"नाही."

"मग तू तसं का लिहिलंस?"

"माझ्यावर येऊ नये म्हणून."

"आणि आम्ही तिला..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मग पदर तोंडावर घेऊन जमिनीवर बसल्या. धाकटे काका मला म्हणाले, "ऊठ, निघ इथून, नाहीतर आमच्या हातून काहीतरी होईल." मी उभीच होते, त्यांना दिसलं नसावं.

दाजी गोठ्याकडे निघून गेले. मला वाटलं, काठी आणायला गेले. आले तेव्हा हात रिकामे होते. म्हणाले, "तू सांगितलं नसतंस तर आम्हाला कधीच कळलं नसतं."

"हो."

"मग कशाला सांगितलंस? बायकोला दोष देऊन निदान झोप तरी लागत होती. आता मी त्या दोघींना काय तोंड दाखवू, जी जमिनीखाली आहे तिला आणि जी आईकडे आहे तिला?"

मी निघाले. ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले, तेही मी सांगितलं नसताना. जाताना म्हणाले, ते येत्या शनिवारी तुला न्यायला येतील. ते आले की लगेच जायचं, नंतर जायचं, की जायचंच नाही, हे तू ठरव. मी त्यांच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. सासूबाईंनी निरोप दिलाय, की त्या स्वतः येऊन तुझे पाय धरतील. धरू द्यायचे की नाही, तेही तूच बघ.

माझं काय होईल, माहीत नाही. वॉर्डातून मला काढलंय, सध्या कपडे आणि बँडेज धुण्याच्या खोलीत मोजदाद करते. नर्सचा परवाना जाईल असं सगळे म्हणतात. गेला तर आईकडे येणार नाही, तू तिथे असशील तोवर तर नाहीच. मला बघून तुला रोज तो दिवस आठवेल. कुठेतरी दूर शेतावर काम मिळेल.

क्षमा मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही, हे ओझंही तुझ्याच डोक्यावर येईल, आणि मी तुझ्या डोक्यावर पुष्कळ ठेवलंय. उत्तर लिहू नकोस. मी वाट बघणार नाही असं म्हणत नाही, पण लिहू नकोस.

एवढं मात्र माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असू दे. गेल्या वेळेसारखं कुणाला चारचौघांत वाचायचं असेल तर हे वाचू दे: ताप मंगळवारी पहाटे आला. आईने बुधवारी सकाळी आठला आणलं. ती वेळेवर आली होती. ती अगदी वेळेवर आली होती.

हे लिहिणारी, त्या दिवशी ड्यूटीवर असलेली नर्स आणि अमुलेनची मावशी,
जसिंता आकोल